दोन खिळे

सातपूरच्या शाळेची भिंत चौदा फूट.
नऊ इंचांचं एक घर, अशी अठरा घरं,
म्हणजे साडेतेरा. उरले सहा इंच,
तीन इकडे, तीन तिकडे.
गेरूत भिजवलेली सुतळी ताणून सोडली
आणि तांबटबाईंना म्हटलं, बसतंय.

फ्लेक्स आल्यापासून
मी फक्त ट्रॅक्टरच्या मडगार्डवर नावं काढत होतो,
द्राक्षाच्या शेडवर 'विनापरवानगी आत येऊ नये'.
एकशे अठरा घरांचं काम
बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

धातू पिवळे, अधातू हिरवे, बाई म्हणाल्या.
मधे जिन्यासारखी तिरपी रेघ,
बोरॉनपासून उतरत जाणारी.
त्या जिन्यावर बसलेल्यांना कुठला रंग?
धातूसदृश आहेत, म्हणाल्या, तुम्हीच ठरवा.
मी उरलेला पिवळा नि उरलेला हिरवा
एकाच डब्यात ओतला.
सिलिकॉन पोपटी झाला. बाई हसल्या.

दुपारी डबा खाताना मी विचारलं,
सगळ्यांना घर सारखंच?
नाही हो, ती आपल्या सोयीसाठी.
डावीकडून उजवीकडे गेलं की अणू आखडत जातो.
पण आत माणसं वाढतात ना?
वाढतात. मजला मात्र तोच,
आणि मधल्या कर्त्याची ओढ वाढलेली.
सगळे आत खेचले जातात.
खाली उतरलं की मात्र दर ओळीला एक मजला चढतो.
सीझियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन
सहाव्या मजल्यावरचा भाडेकरू,
खालून मारलेली हाक त्याला धड ऐकूच येत नाही.
कुणी बोलावलं की निघाला.
आणि फ्लुओरीन?
तो दुसऱ्याच्या ताटातली भाकरी ओढणारा.
मी माझी भाकरी जवळ घेतली.

चौथ्या दिवशी अकराव्या रांगेत आलो
आणि गच्चीवरून उतरणारा पाइप आडवा आला.
सुतळी मारली तेव्हा तो दिसलाच नव्हता,
म्हणजे दिसला होता,
पण पाइपाकडे कोण बघतं.
तांबं, चांदी, सोनं,
तिन्ही नेमकी त्याच्या मागे.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, आमचे दादा तांबट आळीत हंडे घडवायचे.
विस्तवात घातलं की तांबं मऊ पडतं,
ठोकलं की पुन्हा कडक होतं,
हे मला अकरावीच्या पुस्तकाआधी माहीत होतं.
साठीला त्यांचे दोन्ही कान गेले.
हाक मारायची तर
परातीवर हात ठेवायला लावायचा
आणि परात वाजवायची.

मी पाइपच घासून घेतला.
त्याच्या गोलाव्यावर अक्षरं काढली, जरा ताणून,
म्हणजे समोरून सरळ दिसतील.
सोन्याखाली आणखी एक नाव होतं,
जे फार वेळ टिकत नाही म्हणतात.
तेही काढलं. माझं काम टिकवायचं.

राहिला हायड्रोजन.
लिथियमच्या डोक्यावर, असं तक्त्यात होतं.
पण बाईंचं मन लागेना.
एक देऊन टाकतो, तेव्हा डावीकडचा.
एक मागून घेतो, तेव्हा फ्लुओरीनच्या वरचा.
खरं तर कुणाच्याच घरचा नाही.
मला आमच्या रेशनकार्डावरचा रकाना आठवला,
व्यवसाय: इतर.

शेवटी रंगाच्या डब्याचं झाकण घेतलं,
कापून चौकोनी केलं, पांढरं मारलं,
वर एकच अक्षर.
भिंतीत दोन खिळे ठोकले,
एक पहिल्या रांगेत, एक सतराव्या.

आता त्या रस्त्याने जाताना सायकल हळू करतो.
सकाळी बाईंनी डावीकडे टांगलेला असतो.
संध्याकाळी कुणीतरी बाकावर चढून
उजवीकडे नेलेला.
परवा दोन्ही खिळे रिकामे होते,
आणि पाचवीतला एक पोरगा
पाठीमागे काहीतरी लपवून
फाटकाकडे सरकत होता.
मी घंटी वाजवली नाही.